कोठे सापडले?

[वस्तुसंग्रहालय म्हणजे जुन्यापुराण्या वस्तूंचे कोठार, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु वस्तू जमविणे निराळे आणि वस्तूंकडून ज्ञान मिळविणे निराळे. या दोहोंत अंतर कशाने पडते, हे प्रस्तुत पाठात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी स्वतःच्याच चुकीचा दाखला देऊन सांगितले आहे.]

भिंगार हे माझे गाव. नगर शहराला ते इतके लागून आहे, की एक कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, हे परक्या माणसाला कळतही नाही. नगरचा लौकिक मोठा, म्हणून भिंगार त्याच्या सावलीत उभे असल्यासारखे दिसते. परंतु वयाने पाहिले, तर या दोघांत भिंगारच थोरले. १४९० साली मलिक अहमदाने बहमनी सैन्याचा पराभव केला, तो भिंगारजवळ. पुढे १४९४ साली त्या विजयस्थळानजीक, सीना नदीच्या काठी, त्याने नव्या शहराचा पाया घातला. तेच अहमदनगर. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर असे झाले. गावापासून जवळच भुईकोट किल्ला आहे. १५९५-९६ मध्ये चांदबिबीने मोगलांच्या वेढ्यापासून हा किल्ला राखला, आणि १९४२ च्या लढ्यानंतर पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल प्रभृती पुढारी याच किल्ल्यात बंदिवान होते.

अशा भूमीत घराचा पाया खणताना, विहिरीची माती काढताना किंवा शेतात नांगर चालताना काय हाती लागेल, याचा नेम नसतो. खापराचे रंगीत तुकडे, गंजलेली नाणी, कोरीव दगड अशा वस्तू आमच्या भागातील मुलांना अधूनमधून सापडत असत. कोणी त्या खेळण्यात हरवीत, कोणी बांधावर टाकून देत.

मी या परिसरातील एका शाळेत शिकवीत होतो, त्या वेळची ही गोष्ट आहे. आमच्या शाळेत काचेच्या दारांचे एक लाकडी कपाट रिकामे पडले होते. एके दिवशी मी मुलांना म्हणालो, ‘‘तुम्हांला जुने काही सापडले, तर ते टाकू नका, शाळेत घेऊन या. आपण आपल्या शाळेचे वस्तुसंग्रहालय करू.’’ मुलांच्या उत्साहाला काय विचारता! दोन वर्षांत ते कपाट गच्च भरले. पितळी दौती आल्या, अडकित्ते आले, धान्य मोजण्याची जुनी मापे आली. नाणी, खापरे आणि नाना आकारांचे दगड आले. दिसायला सुरेख त्या वस्तू मी पुढे मांडल्या. ओबडधोबड होत्या त्या मागे सारल्या. कपाटावर मोठ्या अक्षरांत पाटीही लावली.

एके दिवशी सातवीतील एक मुलगा रुमालात बांधून एक हिरवट गोळा घेऊन आला. तांब्याची सात-आठ नाणी एकमेकांस घट्ट चिकटून तो गोळा झाला होता. त्याच्या एका अंगाला चिंधीसारखे काहीतरी लागलेले होते. मी तो गोळा घरी नेला, रात्रभर चिंचेच्या कोळात भिजत घातला आणि सकाळी मीठ लावून नारळाच्या शेंडीने खसाखसा घासला. नाणी सुटी झाली. सोन्यासारखी लखलखू लागली. ती चिंधी मात्र भिजून सुटली आणि पाण्याबरोबर मोरीतून वाहून गेली. दुसऱ्या दिवशी ती नाणी पाहून मुलांनी टाळ्या वाजविल्या, आणि आपण एक उत्तम काम केले, असे मलाही वाटले.

पुढे शाळेच्या संमेलनाला एक वृद्ध संशोधक पाहुणे म्हणून आले. त्यांचे सारे आयुष्य प्राचीन स्थळांच्या उत्खननात गेले होते. समारंभ आटोपल्यावर मी त्यांना अभिमानाने आमचे कपाट दाखविले. त्यांनी एक दगड उचलला, निरखून पाहिला आणि विचारले, ‘‘हा कोठे सापडला?’’

मी मुलांकडे पाहिले. मुलांनी माझ्याकडे पाहिले. तो दगड आणणारा मुलगा शाळा सोडून गेला होता.

त्यांनी दुसरी वस्तू घेतली, मग तिसरी. प्रत्येक वेळी प्रश्न तोच : ‘‘हे कोठे सापडले?’’ कशाचेच धड उत्तर आम्हांला देता येईना. शेवटी त्यांची दृष्टी त्या लखलखीत नाण्यांवर गेली. ‘‘गुरुजी, ही नाणी अशीच सापडली का? यांच्याबरोबर आणखी काही नव्हते?’’ मी सारा प्रकार सांगितला. चिंचेचे नाव निघताच त्यांनी क्षणभर डोळे मिटले. पण ते काही बोलले नाहीत.

मग मागच्या फळीवरचे एक खापर त्यांच्या हाती आले. सबंध कपाटात याहून कुरूप वस्तू नसेल. त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. आठवीतील एका मुलीने वहीच्या कागदावर लिहिले होते : ‘आमच्या मळ्यात नव्या विहिरीचे काम चालू असताना सापडले. चार हात खोल. वरची काळी माती संपून खाली पांढरी लागली, तेथे राखेत होते. चैत्र महिना.’

पाहुण्यांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मुलीला जवळ बोलावून म्हणाले, ‘‘बाळ, हे तुला कोणी शिकविले?’’

‘‘कोणी नाही. विसरायला होईल, म्हणून लिहून ठेवले,’’ ती म्हणाली.

तेव्हा ते माझ्याकडे वळले. ‘‘गुरुजी, राग मानू नका. तुमच्या कपाटात वस्तू शंभर आहेत. पण संग्रहालयात ठेवण्याजोगी एकच आहे. बाकीच्या मुक्या झाल्या आहेत.’’

त्या वेळी मला त्यांचे म्हणणे पुरते पटले नाही. एवढ्या सुंदर वस्तूंपुढे एका खापराची ती काय मातबरी! परंतु ते शब्द मनात सलत राहिले. मी या विषयावरची पुस्तके मिळवून वाचू लागलो, संग्रहालये पाहत हिंडू लागलो. आणि जसजसे अधिक कळू लागले, तसतशी त्या प्रश्नाची थोरवी माझ्या ध्यानी येऊ लागली.

‘कोठे सापडले?’ या प्रश्नाला एवढे महत्त्व का? तुमच्या घराच्या भिंतीचा एखादा पोपडा निघाला, तर तो नीट पाहा. वर यंदाचा रंग दिसेल, त्याखाली मागचा, त्याखाली त्याच्याही आधीचा. जमिनीचेही असेच असते. माणसे एका जागी राहतात. घरे बांधतात, ती पडतात. राख, केर, फुटकी भांडी साचत जातात. त्यावर पुढच्या पिढ्या घरे बांधतात. अशा रीतीने थरावर थर चढून पांढरीचे टेकाड तयार होते. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे आपल्या शेतकऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. जमीन कोणी उकरलेली नसेल, तर खालचा थर आधीचा व वरचा थर नंतरचा. म्हणून एखादी वस्तू कोणत्या थरात होती, हे कळले, की तिचा काळ कळण्याची वाट सापडते. त्याच थरात कोळसा किंवा जळके धान्य मिळाले, तर प्रयोगशाळेत त्याचे वय काढता येते आणि त्यावरून त्या वस्तूचेही वय ठरविता येते. शेजारी काय होते, यावरून ती वस्तू कोणाची व कशासाठी होती, याचा तर्क करता येतो. वस्तू उचलून आपल्याला घरी आणता येते. तिची जागा मात्र उचलून आणता येत नाही. ती लिहूनच आणावी लागते.

याचे फार मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. नगरपासून सुमारे ६० किलोमीटरवर प्रवरेच्या काठी नेवासे आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, ती याच क्षेत्री. तेथे १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी उत्खनन केले. प्रवरेच्या जुन्या वाळूगोट्यांच्या थरांत त्यांना अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली. लाडमोड टेकडीत त्यांनी एकेक थर सावकाश उलगडला. वर मध्ययुगातील वस्ती, त्याखाली सातवाहनांच्या काळातील वस्ती व रोमन व्यापाराच्या खुणा, आणि त्याच्याही खाली तांबे व दगड दोन्ही वापरणाऱ्या, म्हणजे ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांची घरे, असा तो सारा इतिहास पानापानाने वाचला गेला.

ते शेतकरी आपली मृत बालके घराच्या जमिनीखाली, दोन मडकी तोंडास तोंड लावून, त्यांत पुरीत असत. लेकराला दूर ठेवणे त्यांना नको वाटत असेल काय? कोण जाणे! तेथे एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ आढळली. दिसायला ती माळ साधीच. तांब्यावर हिरवा गंज चढलेला. परंतु संशोधकांनी ती घासली नाही, पुसली नाही. त्या मण्यांच्या आत ओवलेल्या दोऱ्याचे अगदी लहान अवशेष शिल्लक होते. दोरा मातीत लवकर कुजतो. परंतु तांब्याच्या क्षारांमुळे कुजविणारे सूक्ष्म जीव तेथे वाढू शकले नाहीत, आणि जो गंज आपण टाकाऊ मानतो, त्यानेच त्या दोऱ्याचे रक्षण केले. तज्ज्ञांनी ते तंतू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा तो दोरा रेशमाचा असून त्यात कापसाचेही तंतू आहेत, असे दिसून आले. सुमारे ३,००० वर्षांपूर्वी प्रवरेकाठच्या एका खेड्यात कोणा मातेने आपल्या लेकराच्या गळ्यात रेशमाच्या दोऱ्यात ओवलेली माळ घातली होती! भारतातील रेशमाच्या प्राचीन इतिहासात नेवाशाच्या या दोऱ्याचा उल्लेख केला जातो.

हे मी प्रथम वाचले, तेव्हा पुस्तक मिटून किती तरी वेळ बसून राहिलो. माझ्या मोरीतून वाहून गेलेली ती चिंधी मला आठवली. ती एखाद्या थैलीची होती काय? कापड सुती होते की लोकरीचे? कोणी ती नाणी कोणत्या संकटात पुरून ठेवली असतील? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर आता कोणालाही देता येणार नाही. कारण उत्तर देणारा साक्षीदार मी स्वतःच्या हाताने धुऊन टाकला होता. नाणी लखलखीत झाली. पण मुकी झाली.

आपल्याच जिल्ह्यातील आणखी एक उदाहरण पाहा. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद हे उजाड झालेले गाव आहे. १९५८ साली बोपर्डीकर यांनी हे प्राचीन स्थळ शोधून काढले. १९७४ मध्ये तेथे सरपणासाठी एका झाडाचे खोड मुळासकट खणून काढीत असता एका भिल्ल शेतकऱ्याला मातीत चार धातूच्या वस्तू सापडल्या. दोन बैल जोडलेला आणि सारथी उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा आहे. सर्व वस्तू आतून भरीव असून त्यांचे एकत्रित वजन ६० किलोग्रॅमहून अधिक भरते. कारागिरी तर अशी, की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. यांतील वस्तू मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात.

त्यानंतर दायमाबादला पुन्हा विस्तृत उत्खनन झाले. साळी यांनी १९७५ ते १९७९ या काळात तेथील टेकाडात एकावर एक अशा पाच संस्कृतींचे थर ओळखले. त्यांत उत्तरकालीन हडप्पा संस्कृतीचाही एक थर आहे. सिंधू नदीच्या खोऱ्यातील संस्कृतीचा धागा प्रवरेपर्यंत पोचला होता, ही केवढी महत्त्वाची गोष्ट! कित्येक विद्वानांच्या मते त्या चार धातुमूर्ती याच काळातील आहेत. परंतु सर्वांचे यावर एकमत नाही. त्या धातूचे पृथक्करण केले असता त्यात आर्सेनिकचे प्रमाण १ टक्क्याहून अधिक आढळले. ताम्रपाषाणयुगातील इतर वस्तूंत असे मिश्रण आढळत नसल्याने काही संशोधकांनी त्या मूर्तींच्या काळाविषयी शंका घेतली. वाद मिटविण्याचा सरळ उपाय एकच होता : मूर्ती मातीत असतानाच त्यांच्याभोवतीचे थर पाहणे. तीच संधी हातची गेली होती. झाडाचे मूळ निघाले, मूर्ती निघाल्या, आणि त्यांच्याभोवतीची मूळ माती विस्कटली.

यात त्या शेतकऱ्याचा काही दोष नाही, हे मी मुद्दाम सांगतो. तो चुलीसाठी लाकूड काढीत होता, आणि असे काही सापडल्यास काय करावे, हे त्याला कोणी शिकविले असण्याचा संभव नाही. मी तर पदवीधर शिक्षक होतो. विचार करा : ६० किलोंहून अधिक वजनाच्या त्या अप्रतिम मूर्तींचे वय वादात राहते, आणि मण्यात दडलेला तो इवलासा दोरा आपले वय व आपले घर दोन्ही सांगतो. मोल कशाचे अधिक, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला विचाराल, तर दोन्ही मोलाचे. पण दोरा बोलका आहे.

खापरांची कथाही अशीच आहे. संगमनेर तालुक्यात जोर्वे नावाचे गाव आहे. १९५०-५१ मध्ये तेथे उत्खनन झाले, आणि तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगाची नक्षी असलेली एका विशिष्ट घडणीची भांडी मिळाली. पुढे तशीच खापरे इतर ठिकाणीही सापडत गेली. प्रत्येक ठिकाणाची नोंद झाली, ती ठिकाणे नकाशावर मांडली गेली, आणि कोकण व विदर्भाचा काही भाग वगळता बहुतेक महाराष्ट्रभर पसरलेली एक प्राचीन कृषिसंस्कृती विद्वानांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तिला नाव मिळाले ‘जोर्वे संस्कृती’. बाजारात त्या खापरांना कोणी कवडीही देणार नाही. परंतु ठिकाण लिहिलेल्या खापरांनी महाराष्ट्राच्या इतिहासात हजार वर्षांची भर घातली.

हा नियम केवळ माणसाने घडविलेल्या वस्तूंना लागू आहे, असे समजू नका. पशु, पक्षी, कीटक, वनस्पती यांचे नमुने जपणारी संग्रहालये असतात, त्यांनाही तो तसाच लागू आहे. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या संग्रहात पक्ष्यांची जतन केलेली कातडी आहेत. अशा नमुन्याच्या पायाला एक लहान चिठ्ठी बांधण्याची प्रथा आहे. तो कोणत्या ठिकाणी, कोणत्या दिवशी आणि कोणी मिळविला, हे तीवर लिहितात. ती चिठ्ठी तुटून हरवली, तर अभ्यासाच्या दृष्टीने तो पक्षी दुसऱ्यांदा मेला म्हणावयाचे!

एका चिठ्ठीने काय साधते, हे इंग्लंडातील एका प्रसंगावरून कळेल. तेथे बहिरी ससाणे झपाट्याने कमी होऊ लागले होते. घरट्यांत अंडी फुटलेली आढळत. कारण उमगत नव्हते. डेरेक रॅटक्लिफ या निसर्गशास्त्रज्ञाने जुन्या संग्रहांतील या पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे मोजली, तोलली, आणि त्यांच्या नोंदींवरील सालांप्रमाणे ती लावून पाहिली. १९४७ च्या सुमारापासून कवचे एकाएकी पातळ झाल्याचे स्पष्ट दिसले. डीडीटी हे कीटकनाशक दुसऱ्या महायुद्धानंतर शेतात सर्रास वापरले जाऊ लागले, तोच हा काळ. १९६७ साली रॅटक्लिफने आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुढे अनेक देशांनी डीडीटीच्या वापरावर निर्बंध घातले, आणि ससाण्यांची संख्या पुन्हा वाढली. ती जुनी अंडी जमविणाऱ्यांच्या स्वप्नातही डीडीटी नव्हते. त्यांनी केवळ ठिकाण आणि तारीख प्रामाणिकपणे लिहिली होती. पुढे कोणता प्रश्न विचारला जाईल, हे आज आपल्याला ठाऊक नसते; म्हणूनच आजची नोंद नीट करावयाची असते.

आता पुन्हा आपल्या नगरकडे वळू. शहरात १९६० साली स्थापन झालेले ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. नाणी, मूर्ती, शस्त्रे, हस्तलिखित पोथ्या, मोडी लिपीतील कागद, जुने नकाशे असा विविध संग्रह तेथे आहे. तेथे किंवा अन्य कोठेही संग्रहालय पाहावयास जाल, तेव्हा काचेमागील वस्तूंबरोबर खालची चिठ्ठीही वाचा. सर्वसाधारणपणे संग्रहालयात जे मांडलेले असते, ते त्याच्या ठेव्याचा लहानसा भाग असते; पुष्कळसे कोठारात असते. आणि या सर्वांचा प्राण असते ती दाखल-नोंदवही. वस्तू आली, की तिला क्रमांक देतात. तोच क्रमांक बारीक अक्षरांत वस्तूवरही घालतात. नोंदवहीत ती कोठून आली, कोणी दिली, केव्हा आली, तिची लांबी-रुंदी व वजन किती, तिची स्थिती कशी, हे सारे लिहितात. चोरी झाली, तर या वहीवरून ओळख पटते. संशोधक आला, तर या वहीवरून वाट सापडते. संग्रहालयातील सर्वांत साधी दिसणारी वस्तू ही वहीच होय, आणि तीच सर्वांत मोलाची.

लष्कराने १९९४ साली नगरला रणगाड्यांचे संग्रहालय उभारले आहे. निरनिराळ्या देशांचे व निरनिराळ्या युद्धांतील रणगाडे तेथे ओळीने उभे आहेत. मुलांना घेऊन मी तेथे गेलो, की त्यांना एक प्रयोग करावयास सांगत असे. प्रथम फलक न वाचता रणगाड्याकडे पाहा. मग फलक वाचून पुन्हा पाहा. पहिल्या वेळी दिसते ते लोखंड. दुसऱ्या वेळी दिसतो तो इतिहास.

विद्यार्थी मित्रांनो, या पाठाचे वाचन करून तुमच्यापैकी प्रत्येक जण संशोधक होईल, असे नाही. परंतु खेड्यापाड्यांत विहिरी खणल्या जातात, रस्ते होतात, घरांचे पाये घेतले जातात. तेथे संशोधक हजर नसतो, तुम्ही असता. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. काही जुने दिसले, तर आणखी उकरू नका. ते घासू नका, धुऊ नका. मातीसकट राहू द्या. जागा, खोली, मातीचा रंग, आसपासच्या वस्तू आणि दिवस ही सारी लगेच लिहून ठेवा. शक्य असल्यास छायाचित्र घ्या. आणि वडील माणसांना सांगून तलाठी किंवा तहसीलदार यांच्याकडे वर्दी द्या. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळविला पाहिजे, असा १८७८ चा कायदाच आहे. हे मला त्या वेळी ठाऊक असते, तर ती नाणी माझ्या मोरीपर्यंत आलीच नसती.

आमच्या कपाटाचे पुढे काय झाले, ते सांगून हा पाठ संपवितो. पाहुणे येऊन गेल्यावर काही दिवसांनी मी ती नाणी आणणाऱ्या मुलाच्या घरी गेलो. त्याचे वडील मोठे सज्जन गृहस्थ. म्हणाले, ‘‘गुरुजी, बांधाच्या कडेला कुठंतरी होती. आता तर सगळं रान सपाट केलं.’’ मी परत आलो. एकेका विद्यार्थ्याला बोलावून आम्ही जेवढे आठवेल, तेवढे टिपून घेतले. काही वस्तूंना ठिकाण मिळाले. बहुतेकांना मिळाले नाही. मग प्रत्येक वस्तूसाठी चिठ्ठी केली. नाण्यांची चिठ्ठी मी स्वतः लिहिली : ‘ठिकाण : नक्की माहीत नाही. सोबत कापडाचा तुकडा होता. तो व नाण्यांवरील गंज घासून काढला. घासणाऱ्याचे नाव :’ आणि त्यापुढे मी माझे नाव लिहिले.

ती मुले हसतील, असे मला वाटले होते. कोणीही हसले नाही. दुसऱ्या दिवशी एक लहान मुलगा धापा टाकीत शाळेत आला. त्याच्या हातात वस्तू नव्हती. एक कागद होता. ‘‘गुरुजी, आमच्या गोठ्यामागं एक दगड निघालाय, नक्षीचा. मी त्याला हात लावला नाही. कुठं आहे, ते लिहून आणलंय.’’

आमच्या शाळेचे वस्तुसंग्रहालय खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाले.

स्वाध्याय

१. पाहुण्यांनी कपाटातील एकाच वस्तूला संग्रहालयात ठेवण्याजोगी का म्हटले? त्या वस्तूच्या चिठ्ठीतील कोणकोणती माहिती उपयोगी होती?

२. नेवाशाच्या माळेतील दोरा कशामुळे टिकून राहिला? तो पाहून लेखकाला स्वतःची कोणती चूक कळली?

३. दायमाबादच्या धातुमूर्तींच्या काळाविषयी मतभेद का आहेत?

४. ‘दोन्ही मोलाचे, पण दोरा बोलका आहे,’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : मातब्बरी, दाखला, पृथक्करण, निरखून पाहणे, वर्दी देणे.

६. तुमच्या घरातील सर्वांत जुनी वस्तू निवडा. ती कोठून आली, कोणी आणली, केव्हा आणली, हे घरातील वडील माणसांना विचारा आणि तिची चिठ्ठी तयार करा.